पीएएम एन्झाइम: अमाइडऐवजी 16 ने जड शिखर येतंय, अभिक्रिया नेमकी कुठे अडकते?

ध्रुवमत्स्य (प्रश्न)
ई. कोलायमध्ये बनवलेलं सबस्टन्स पी (एक छोटं चेतापेप्टाइड) आहे, शेवटी एक जादा ग्लायसीन ठेवून. पीएएम (पेप्टाइडच्या शेवटच्या ग्लायसीनपासून अमाइड बनवणारं एन्झाइम) वापरून त्याचं अमाइड करायचं आहे. मिश्रण असं: पेप्टाइड 100 मायक्रोमोलर, मेस बफर 50 मिलिमोलर, सामू 5.5, कॉपर सल्फेट 10 मायक्रोमोलर, एस्कॉर्बेट 5 मिलिमोलर, 37 अंशांना 4 तास. एन्झाइम हिस्टिडीन टॅगचं, निकेल कॉलममधून काढून थेट वापरलं.

मास स्पेक्ट्रोमध्ये (सगळे आकडे एका प्रोटॉनसह) मूळ पेप्टाइड 1405.74 ला, अमाइड 1347.74 ला अपेक्षित. प्रत्यक्षात सगळ्यात उंच शिखर 1421.74 ला, त्याखालोखाल 1363.73, आणि 1347.74 जेमतेम. 1421 म्हणजे मधला हायड्रॉक्सी टप्पा समजायचा का? आणि पीएएमच्या जनुकातल्या मधुमेहाशी जोडलेल्या बदलांबद्दल वाचलं, तसा बदल क्लोनमध्ये असेल तर असंच दिसेल का?

शेपटीचा_ग्लायसीन
पीएएम म्हणजे एका साखळीत जोडलेली दोन एन्झाइमं, हे धरून चाललं की पुढचं सोपं. पहिला भाग पीएचएम. तो तांबं, ऑक्सिजन आणि एस्कॉर्बेट वापरून शेवटच्या ग्लायसीनच्या अल्फा कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवतो, वस्तुमान +16. दुसरा भाग पीएएल. त्याला जस्त लागतं. तो नायट्रोजन आणि त्या कार्बनमधला बंध तोडतो, ग्लायऑक्सिलेट सुटून जातं (−74) आणि ग्लायसीनचा नायट्रोजन तेवढा अमाइड म्हणून मागे उरतो. हिशोब −58. पाण्यानं बंध तोडून अमाइड होत नाही, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो.

आम्लधर्मी सामूला हायड्रॉक्सी टप्पा बऱ्यापैकी टिकतो. त्यामुळे तुमच्याकडे नुसता पीएचएमचा गाभा असेल, किंवा कुठल्यातरी पायरीला ईडीटीए (धातू बांधून घेणारं रसायन) लागून पीएएलचं जस्त निघून गेलं असेल, तर 1421 साचणारच. क्लोनमध्ये दोन्ही भाग आहेत ना, ते आधी बघा.

तांबूस
वरचं रसायन बरोबर आहे, पण त्यावरून केलेलं निदान मला पटत नाही. 1363.73 कडे कुणी पाहिलंच नाही. ते म्हणजे 1347.74 अधिक 15.995, थोडक्यात तयार अमाइडवर एक जादा ऑक्सिजन. अमाइड झालं की ग्लायसीनचा कार्बन गेलेला असतो, मग तो ऑक्सिजन बसला कुठे? सबस्टन्स पीच्या शेवटी मेथिओनीन आहे. त्याच्या गंधकावर ऑक्सिजन बसून सल्फॉक्साइड झालंय. 1421 मध्येही बराच वाटा त्याचाच असणार. दोन्हींचं सूत्र एकच, त्यामुळे कितीही भारी यंत्र आणलं तरी नुसत्या वस्तुमानावरून फरक कळणार नाही.

वेगळं ओळखायचे दोन मार्ग:

थोडा नमुना सामू 10 च्या पुढे न्या, खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा, मग फॉर्मिक आम्लानं परत आम्लधर्मी करून यंत्रात घाला. हायड्रॉक्सी टप्पा अल्कलीत आपोआप फुटतो आणि 1347 ला येतो. सल्फॉक्साइड जागचं हलत नाही. (दोन्ही झालेलं 1437 असेल तर ते 1363 ला येईल.) याच गुणामुळे पीएएल नसतानाही पीएचएमचं काम मोजता येतं.

दुसरा: 1421 निवडून त्याचे तुकडे करा. मेथिओनीन सल्फॉक्साइड 64 चा तुकडा टाकतं. ती खूण चुकत नाही.

मुळात ऑक्सिडेशन का होतंय? तांबं आणि एस्कॉर्बेट उघड्या हवेत एकत्र आले की हायड्रोजन परॉक्साइड बनतंच, एन्झाइम असो वा नसो. तुमच्या कृतीत कॅटलेज (परॉक्साइड फोडणारं एन्झाइम) नाही. मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम घाला, आणि एस्कॉर्बेटच्या आधी घाला. परॉक्साइड पेप्टाइड बिघडवतं ते वेगळं, एन्झाइमही मारतं. पहिल्या अर्ध्या तासात वेग चांगला आणि मग आलेख आडवा, असं दिसलं की पहिला संशय तिथेच.

ध्रुवमत्स्य
क्लोनमध्ये दोन्ही भाग आहेत. अल्कलीची चाचणी केली: 1421 चा साधारण चौथा भाग 1347 ला गेला, बाकी तसाच राहिला, आणि त्यातून 64 चा तुकडा मिळतो. म्हणजे बराचसा सल्फॉक्साइडच. पण 1405 पण भरपूर शिल्लक आहे, वेगच कमी वाटतो. तांबं 20 पर्यंत वाढवू का?

तांबूस
वाढवू नका, 1 वर आणा. नेहमीच्या चाचणीत 0.5 ते 1 मायक्रोमोलर पुरतं. जास्त तांबं म्हणजे जास्त परॉक्साइड.

तुमचं तांबं कमी नाही, दुसऱ्यानं धरून ठेवलंय. निकेल कॉलममधून एन्झाइम थेट वापरलंत म्हणालात, म्हणजे कॉलमवरून ते सोडवायला वापरलेलं इमिडाझोल सोबत आलं. पीएचएम आपले दोन तांब्याचे अणू मुख्यतः हिस्टिडीनच्या इमिडाझोल कड्यांनी धरतं, तीन एकाला आणि दोन दुसऱ्याला, दुसऱ्याला जोडीला एक मेथिओनीन. तीच कडी मिलिमोलरमध्ये बाहेर सुटी फिरत असेल तर तांबं तिकडेच जाणार. शिवाय कॉलममधून निकेल गळतं ते निराळंच. एन्झाइम मेसमध्ये दोनदा डायलिसिस करा. ट्रिस नको, तेही तांबं धरतं. डीटीटी तर अजिबात नको. मेथिओनीन वाचवायला म्हणून लोक ते घालतात, पण ते तांबं बांधतं आणि पीएचएमचे डायसल्फाइड बंधही सोडवतं.

पेप्टाइड बदललंत तर अनुक्रमाच्या सुरुवातीकडून तिसरं अमिनो आम्ल हिस्टिडीन आहे का बघा. तशी पेप्टाइडं स्वतःच तांबं गिळून बसतात. सबस्टन्स पीत तो प्रश्न नाही.

शेपटीचा_ग्लायसीन
1363 नजरेतून सुटलं हे मान्य. जस्ताचा मुद्दा मात्र सोडत नाही: चौथा भाग खरोखर हायड्रॉक्सी होता, म्हणजे पीएएलही मागे पडतंय. पाच-दहा मायक्रोमोलर झिंक क्लोराइड घालून बघा, पण वेगळ्या नळीत, पीएचएमची पायरी झाल्यावर. नाहीतर सरळ शेवटी सामू वाढवून उरलेलं फोडून टाका. सबस्टन्स पीत अ‍ॅस्परजीन नसल्यामुळे तासाभराच्या अल्कलीनं फारसं बिघडत नाही.

मात्रा वाढवताना ऑक्सिजन विसरू नका. दर रेणूमागे एक ऑक्सिजन आणि दोन एस्कॉर्बेट लागतात (प्रत्येक एस्कॉर्बेट एकच इलेक्ट्रॉन देतो). हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात 37 अंशांना ऑक्सिजन जेमतेम 0.2 मिलिमोलर असतो. 100 मायक्रोमोलरला चालून जाईल. 1 मिलिमोलर पेप्टाइड गळ्यापर्यंत भरलेल्या बंद नळीत ठेवलंत तर पाचव्या हिश्श्यावर अभिक्रिया थांबेल, आणि एन्झाइम मेलं असं वाटेल. रुंद भांडं, थोडंच द्रव, सावकाश हलवणं. बुडबुडे सोडू नका, फेसात प्रथिन साकळतं.

आणि 1348.72 वर लक्ष असू द्या. एन्झाइमबरोबर कार्बॉक्सिपेप्टिडेज आलं असेल तर ते ग्लायसीन नुसता कापतं आणि अमाइडऐवजी आम्ल उरतं, अमाइडपेक्षा 0.98 ने जड. अमाइडचं कार्बन-13 चं शिखर 1348.74 ला असतं, त्यात हे बेमालूम लपतं. कॉलमवर वेगळं करून बघणं बरं.

जनुकवाचक
जनुकाबद्दल. पीएएम पाचव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, 5क्यू21 पट्ट्यात आहे. एकच जनुक दोन्ही भाग देतं. फळमाशीत पीएचएम आणि पीएएल यांची जनुकं वेगवेगळी असतात. माणसात एक्झॉन वगळून-ठेवून बरीच रूपं बनतात. दोन भागांमधला दुवा सांगणारा एक्झॉन असेल तर त्यातल्या जोडीच्या आम्लारी अमिनो आम्लांवर कन्व्हर्टेज कापतं आणि पीएचएम सुटं होतं. पटल ओलांडणारा भाग वगळला गेला तर अख्खं एन्झाइम विद्राव्य रूपात स्रवतं. क्लोन निवडताना हेच बघायचं: नावात पीएएम असलं तरी आत काय आहे, ते अनुक्रम वाचूनच कळतं.

मधुमेहाशी जोडलेले दोन बदल म्हणजे 563 व्या जागी अ‍ॅस्पार्टेटऐवजी ग्लायसीन आणि 539 व्या जागी सेरीनऐवजी ट्रिप्टोफॅन. दोन्ही पीएएलच्या भागात. त्यांनी एन्झाइमचं एकूण काम घटतं, काही अंशी प्रथिनच कमी बनल्यामुळे, काही अंशी उत्प्रेरणा मंदावल्यामुळे. गंमत म्हणजे इन्सुलिनला स्वतःला अमाइड लागतच नाही. परिणाम दिसतो तो बीटा पेशीत साठलेल्या इन्सुलिनवर आणि ते स्रवण्याच्या चालीवर. तुमचं 1421 या बदलांमुळे आलं असेल असं मानायला जागा नाही. क्लोनचा अनुक्रम एकदा तपासा, विषय संपला.

अमाइड कुणाला हवं, कुणाला नको, यातही सरसकट बोलू नये. गॅस्ट्रिन, कॅल्सिटोनिन, ऑक्सिटोसिन, टीआरएच यांचं त्याविना फार अडतं. जीएलपी-1 चं 7-36 अमाइड आणि ग्लायसीनवर संपणारं 7-37 मात्र जवळपास सारखंच काम करतात. ऑक्सिटोसिनचा अनुक्रम लिहिताना हमखास चूक होते: शेवटी दिसणारा ग्लायसीन हा संप्रेरकाचाच. नायट्रोजन देणारा ग्लायसीन त्याच्या पुढचा. क्लोनमध्ये दोन ग्लायसीन हवेत.

शोधताना जपून. क्रिस्परमधल्या लक्ष्यालगतच्या छोट्या अनुक्रमालाही पॅमच म्हणतात (इंग्रजी अक्षरं तीच), आणि मिक या प्रथिनाशी जोडल्या जाणाऱ्या एका भल्यामोठ्या प्रथिनाचं जुनं नावही तेच. एन्झाइमचं पूर्ण नाव घालूनच शोधा.

तांबूस
एक राहिलं. पुढे रक्तातली पीएएमची क्रियाशीलता मोजणार असाल तर नमुना ईडीटीएच्या नळीत घेऊ नका, तांबं तिथेच संपतं आणि वाचन शून्याजवळ येतं. सीरम किंवा हेपॅरिनची नळी. ईडीटीए अभिक्रिया थांबवायला उत्तम, सुरू करायला नाही.

ध्रुवमत्स्य
डायलिसिस, तांबं 1, कॅटलेज आधी, शेवटी सामू 10 ला तासभर. आता 1347.74 सगळ्यात उंच, 1363 दहाव्या हिश्श्याच्या खाली, 1421 दिसत नाही. 1405 थोडं उरलंय, ते एन्झाइमची मात्रा दुप्पट करून बघतो.