नवा पाहुणा जेवेना! खाऱ्या पाण्यातल्या शिकारी माशांना भरवण्याचे अनुभव

नारायणपेठी
परवा गणेश पेठेत कोळंबी घ्यायला उभी होते. पुढे कॉलेजातला एक मुलगा. "मावशी, सोलू नका, कवच राहू द्या. माशाला घालायचीत." मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मासाच माशाला खातोय, आपन कोन बोलनार!" आणि मला एकदम दादाचा लायनफिश आठवला.

घर नारायण पेठेतलं, आजी-आजोबांचं. अंडं उकडायचं तरी मागच्या गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर. तिथे दादाने डेक्कन क्वीनने, थर्मोकोलचा खोका मांडीवर घेऊन हा प्राणी मुंबईहून आणला. तांबडे-पांढरे पट्टे, पंख असे की आजोबा बघतच राहिले. पण आल्यापासून कडकडीत उपास. कोळंबीचा तुकडा नाकासमोरून तळाशी जायचा आणि हा ढिम्म. दुकानदाराने सांगितलेलं, जिवंत गोल्डफिश सोडा. दादाने साफ नाही म्हटलं. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, रोज तेच खाल्लं की अंगातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं, हे त्याने कुठूनतरी वाचून ठेवलेलं.

मग पनीर टिक्क्याची लांब काडी घेतली, टोकाला तुकडा अगदी हलका टोचला, तिन्हीसांजेला हॉलचा दिवा मालवून दादा काडी हळूहळू हलवत बसायचा. समुद्रात याचं जेवण पळतं ना, जे हलत नाही ते याच्या हिशेबात अन्नच नाही. एका संध्याकाळी पंख पसरले, तुकड्याला काचेच्या कोपऱ्यात कोंडलं, जरा थबकला आणि टक्! काडी रिकामी. तोंड कधी उघडलं ते कुणालाच दिसलं नाही. आजी जपमाळ थांबवून म्हणाली, "जेवला एकदाचा. आता त्याला श्रावण कोण सांगणार?"

लायनफिश, ईल (सापासारखा लांब मासा), ट्रिगरफिश, जे काय पाळलं असेल त्याचे अनुभव येऊ द्या.

मिसळ_विना_कांदा
कोळंबी काय भाव होती?

नारायणपेठी
लिहिला तर रडाल. छोटीच घेतली.

कोथरूडचा_बगळा
भाच्याकडे स्नोफ्लेक ईल आहे, मोरे ईलचीच एक जात. नजर अधू, नाक तिखट. तुकडा तोंडापुढे धरला तरी वासावर भलतीकडेच शोधत फिरणार, मग अचानक काडीसकट पकडणार. बोटांनी भरवू नका, त्याला बोट आणि कोळंबी यातला फरक कळत नाही. मोरे ईलच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, ती पुढे येऊन घास आत ओढते. हे संशोधन २००७ सालचं. आणि झाकण! झाकण! झाकण! आमचा एकदा सोफ्याखाली सापडला, वर धुळीचा थर. जगला. बहिणीने सोफा विकला.

सिंहगडरोड_ट्रॅफिक
खिक्क! सोफ्याची काय चूक?

रात्रपाळी
मुद्द्याचं लिहिते, मग पळते. लायनफिशच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. टाकीत हात घालताना तो कुठे आहे ते बघत राहा, नवा मासा घाबरला की काटे तुमच्याच दिशेने वळवतो. टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास हात ठेवायचा. उष्णतेने ते विष निकामी होतं. बर्फ लावू नका. आणि पाणी तापवता तापवताच डॉक्टरकडे निघायची तयारी करा, धाप लागली किंवा चक्कर आली तर थांबूच नका.

वारजे_वासी
सॉरी, अनुभव नाही, अडचण आहे. लायनफिश आणलाय, काहीच खात नाही. सोललेली कोळंबी, मुडदुशीचे तुकडे, सगळं तळाशी पडतं. बायको म्हणते परत देऊन ये. 🙏

खारं_पाणी
आधी श्वास घ्या, मग पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून साठणारं विष) तपासा. न खाणारे निम्मे मासे खरं तर पाण्यावर रुसलेले असतात. अमोनिया-नायट्राइट शून्य हवं, विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं ते सांगणारा आकडा) १.०२५ च्या आसपास. पडलेला तुकडा तासाभरात काढायचाच, नाहीतर तोच सडून पाणी नासवतो आणि मासा आणखी गप्प होतो.

खायला: मोली (छोटे मासे) घ्या, पण सोडण्याआधी थोडं थोडं खारं पाणी मिसळत त्यांना सवय लावा, त्या खाऱ्यात छान राहतात. एक-दोन जिवंत मोलींवर तोंड सुरू झालं की काडीवरची मेलेली कोळंबी पुढे करा. कायम जिवंतवर ठेवू नका, मग दुसरं काही बघतही नाही. दिवा मंद ठेवा. आकाराने मोठा आणि अंगाने भरलेला असेल तर आठवडाभर उपासाने काही होत नाही. खायला लागला की मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. भिकाऱ्यासारखा काचेपाशी येईल, भुलू नका.

टाकीत अजून कोण आहे? तोंडात मावेल तो प्रत्येक मासा जेवणच समजा.

वारजे_वासी
दोन क्लाउनफिश...

खारं_पाणी
आजच हलवा.

सूनबाई_फ्रॉम_सहकारनगर
अवांतर: आमच्याकडे फ्रोझन कोळंबी सासूबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवायची परवानगी नव्हती. नवऱ्याने डब्यावर "ओला हरभरा" चिटकवलं. संक्रांतीला मावससासूबाईंनी उसळीसाठी काढला. पुढचं सांगत नाही. आता बाल्कनीत माशाचा स्वतंत्र छोटा फ्रीज आहे, घरातला सगळ्यात नवा फ्रीज तोच.

मिसळ_विना_कांदा
पुढचं सांगाच.

कोथरूडचा_बगळा
+१

सूनबाई_फ्रॉम_सहकारनगर
कुकर लावला होता. बास.

शनवारातला
संभाजी बागेतलं मत्स्यालय कुणाला आठवतंय? लहानपणी तिथे मासे बघून भेळ खायची हा ठरलेला कार्यक्रम. मासे काय होते ते आठवत नाही, भेळ आठवते.

खारं_पाणी
सगळ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ताजं कमी मिळतं आणि महाग. मेमध्येच छोटी कोळंबी कवचासकट, एका वेळेच्या पुड्या करून गोठवून ठेवा. मीठ लावलेली किंवा मसाल्यातली चालणार नाही. (हो, एकाने विचारलंय.)

वारजे_वासी
अपडेट. क्लाउन शेजाऱ्याच्या टाकीत हलवले. अमोनिया निघाला होता, पाणी बदललं. आज काडीवरचा तुकडा तोंडात घेतला आणि थुंकला.

नारायणपेठी
थुंकला म्हणजे चव कळली! आमच्याकडेही आधी थुंकणंच चाललं होतं. तुकडा लहान करा, करंगळीच्या नखाएवढा.

रात्रपाळी
ड्यूटी संपली. कोळंबीचं लोणचं कुणाला येतं का? वाचून वाचून फार इच्छा झालीय.

मिसळ_विना_कांदा
वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.