मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर मादीची एकदा पिल्ले होऊ द्यावीत की थेट नसबंदी करावी?

आमची लॅब्रॅडॉर मादी सव्वादोन वर्षांची आहे. लसीकरण पूर्ण असून पुणे महापालिकेचा परवानाही आहे. 'एकदा पिल्ले झाली की तब्येत चांगली राहते', असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. मात्र आमच्या पशुवैद्यांच्या मते या समजाला आधार नाही, उलट नसबंदीमुळे गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो.

खरी अडचण वेगळी आहे. वेताळ टेकडी उतरताना ती उजवा मागचा पाय किंचित ओढते आणि उठताना सारा भार पुढच्या पायांवर घेते, म्हणून खुब्याचा एक्स-रे काढला, तर सांध्यात थोडी सैलता दिसली. हा दोष पिल्लांत उतरू शकतो, हे कळल्यापासून माझे मन धजत नाही. पिल्ले विकायची नाहीत. चार परिचितांनी मागणी केली आहे, पण त्यांपैकी दोघे भाड्याच्या घरात राहतात, आणि एका वेतात सात-आठ पिल्ले सहज होतात.

नर निरोगी खुब्याचा निवडल्यास हा धोका पुरेसा कमी होतो का, की अशा मादीची पिल्ले होऊच देऊ नयेत? तिचा माज तीन आठवड्यांपूर्वी संपला आहे. नसबंदी करायची झाल्यास आणखी किती थांबावे?