मदत हवी आहे: इंजिन काम केल्यावर तिसऱ्या लायनरखालून ऑइल चेंबरमध्ये पाणी येतंय

नमस्कार मंडळी,

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, डिझेल, वेट लायनरचा, म्हणजे पिस्टन ज्या नळीत (लायनरमध्ये) वर-खाली होतो ती बाहेरून थेट पाण्यात असते. शेत यवतला, मी राहायला हडपसरला, म्हणून इंजिन काम इकडेच करून घेतलं. लायनर-पिस्टन किट, पिस्टनच्या रिंगा, मेन आणि बिग एंड बेअरिंग सगळं नवीन. क्रँक ग्राइंड केला, हेडला फेसिंग मारलं. सामान मी स्वतः नाना पेठेत जाऊन निवडून आणलं.

इंजिनाचा आवाज सुरेख आहे, धूर नाही, पण रेडिएटर सारखा पाणी मागायला लागला. बाहेर कुठेच ओल नाही. होज कोरडे, वॉटर पंप कोरडा. डिपस्टिकवर मात्र ऑइलची पातळी वर चढलेली. रात्रभर इंजिन थंड होऊ दिलं आणि सकाळी चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) ड्रेन बोल्ट थोडासाच सैल केला. आधी हिरवं पाणी आलं, म्हणजे कूलंटच, आणि मागून ऑइल. तेव्हापासून चावी फिरवलेली नाही. पाणी मिसळलेलं ऑइल नव्या बेअरिंगवर फिरवणं जिवावर येतं.

हेड गॅसकेटवर (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) माझा संशय कमी आहे, कारण इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते आणि होज लगेच कडक होत नव्हते. मग चेंबर उतरवून रेडिएटरला हातपंप लावला. झाकणावर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब दिला, जास्त नाही. टॉर्च घेऊन खालून पाहिलं तर तिसरा लायनर ब्लॉकमधून जिथे खाली डोकावतो, तिथे डिझेल पंपाच्या बाजूला कडेवर एक थेंब जमत होता. फुगायचा, लायनरवरून ओघळायचा, की मागून दुसरा. पहिला आणि दुसरा लायनर एकदम कोरडे.

आमचे फिटर जुने आणि भले माणूस आहेत. ते म्हणतात, लीक बंद करायची पावडर टाकू, नाहीतर ओ-रिंगा (लायनरच्या खालच्या टोकाला पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा) बदलून पुन्हा बसवू. पावडरीला माझा ठाम नकार आहे. ती रेडिएटरच्या नळ्यांतही बसणार आणि उसाच्या ट्रॉल्या ओढताना इंजिन तापणार. ओ-रिंगा बदलायला हरकत नाही, पण त्या का गळल्या हे कळल्याशिवाय बदलल्या तर पुन्हा तेच होईल. लायनर काढण्याआधी आणि काढल्यावर नेमकं काय काय तपासू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दादा, इंजिन बंद ठेवलंत हे उत्तम केलंत. ते ऑइल आणि फिल्टर दोन्ही फेकून द्या. बेअरिंगच्या एक-दोन कॅप उघडून आतला भागही बघा.

हेड काढलं की लगेच लायनर ओढू नका. आधी लायनर दाबून धरून डायल गेजने त्याची कॉलर (वरची कड) ब्लॉकच्या वर किती आहे ते मोजा. चार ठिकाणी मोजा आणि शेजारच्या लायनरशी ताडून बघा. बऱ्याच इंजिनांत हा उठाव ०.०५ ते ०.१५ मिमीच्या आसपास असतो, तरी आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. कॉलर खाली बसली असेल तर हेड लायनरला दाबून धरत नाही. मग लायनर हलतो आणि खालच्या रिंगा झिजतात. अशा वेळी कॉलरखाली शिम (पातळ धातूची चकती) लागते.

फिटरना एक गोष्ट विचारा: हेड नसताना क्रँक फिरवला होता का? लायनरला क्लॅम्प नसेल तर पिस्टन त्याला वर उचलतो आणि रिंग खाचेत पीळ खाते. वरून काहीच दिसत नाही.

प्रतिसाद

ओ-रिंगचं रबरही बघा. ईपीडीएम जातीचं रबर पाण्यात छान टिकतं, पण मिनरल ऑइल लागलं की फुगतं. काही इंजिनांत वरची रिंग एका रबराची आणि खालची दुसऱ्या रबराची असते, अदलाबदल झाली की संपलं. शिवाय काही ब्लॉकला दोन रिंगांच्या मधून बाहेर निघणारं बारीक भोक असतं. वरची रिंग गळली तर पाणी तिथून बाहेर दिसावं म्हणून. इंजिन रंगवताना ते बुजतं. तुमच्या ब्लॉकला आहे का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भोक नाही. तिन्ही लायनरचा उठाव सारखा आणि मॅन्युअलच्या हद्दीत आहे. तिसरा लायनर काढला. रिंगा पिळलेल्या नाहीत, कापलेल्या नाहीत. पण ब्लॉकमध्ये जिथे रिंग टेकते, तिथे पंपाच्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत. काळ्या थराखाली दिसत नव्हते, पॉलिश पेपरने घासल्यावर नखाला अडकायला लागले. थेंब बरोबर त्याच जागी होता. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलं गेलंय या इंजिनात. आता हे खड्डे मेटल इपॉक्सीने भरू की खालच्या बोअरला बुश (धातूची नवी कडी) मारून घेऊ?

प्रतिसाद

खड्डे रिंगच्या रेषेवर आहेत, त्यामुळे नुसती नवी रिंग टिकणार नाही. इपॉक्सी चालते, पण धातू चकचकीत आणि तेलमुक्त झाला पाहिजे, आणि सुकल्यावर बोअरच्या गोलाईत घासून आणावी लागते. मी असतो तर बुशच मारला असता. त्यासाठी क्रँक काढून ब्लॉक पूर्ण मोकळा करावा लागेल, पण बेअरिंग तपासायला तुम्ही ते उघडणारच आहात. बोअरिंग वरच्या खाचेला (जिथे लायनरची कॉलर बसते) सेंटर धरूनच व्हायला हवं, नाहीतर लायनर तिरका बसेल.

परत बसवताना लायनर आधी रिंगांशिवाय घालून बघा, हाताने खाली गेला आणि फिरला पाहिजे. ब्लॉकची धारदार कड मोडून घ्या, रिंग तिथेच कापली जाते. रिंगांसह बसवल्यावर तळाशी बोअर डायल गेजने मोजा. रिंग जाड असेल तर लायनर आत दबतो आणि पिस्टन जाम होतो. मग हेड टॉर्कला कसून, चेंबर लावण्याआधी, पुन्हा दाब देऊन रात्रभर ठेवा.

धागाकर्ता

ठरलं, बुशच मारतो. यापुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच भरणार. भोसरी-चिंचवडकडे वरच्या खाचेवरून सेंटर घेऊन लायनरचा खालचा बोअर करणारं आणि हे काम आधी केलेलं कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऊसतोड सुरू व्हायच्या आत ट्रॅक्टर यवतला पोहोचवायचाय.