घंटागाडीत सुका कचरा नेमका कसा द्यायचा? कोकणातल्या लोकांनी जरा सांगा

परतले_गावी

नमस्कार मंडळी. आम्ही यंदा ठाण्याहून कायमचे गावी आलो, सिंधुदुर्गात छोट्या नगरपंचायतीच्या हद्दीत सासरचं जुनं घर आहे. ठाण्यात सोसायटीचा माणूस सकाळी दारातून डबा उचलायचा, पुढे त्याचं काय व्हायचं ते आपण कधी बघायला गेलो नाही. इथे घंटागाडी गाणं वाजवत येते आणि आपणच डबा घेऊन बेड्याकडे (म्हणजे अंगणाच्या फाटकाकडे) पळायचं. ओला कचरा रोज नेतात, सुका ठराविक वारी. इथपर्यंत कळलं.

पण परवा गाडीवरच्या दादाने माझी अख्खी पिशवी परत दिली, म्हणाला, "वहिनी, हो ओलो असा, घेवचंय नाय." आत नुसते पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या हो! भाजीचं एक देठ पण नव्हतं. शेजारच्या काकी म्हणतात कशाला एवढी कटकट, न्हाणीच्या चुलीत घाल, पाणी पण तापेल. सासूबाई पण त्याच पार्टीतल्या. मला ते पटत नाही, दोन लहान मुलं आहेत घरात आणि तो धूर सगळा पडवीत येतो.

तर कोणी सांगेल का की सुक्यात काय काय चालतं, धुवून द्यायचं का, काच घेतात का, आणि मुख्य म्हणजे हे सगळं वेगळं करून पुढे खरंच वेगळं राहतं की डेपोवर जाऊन परत एकच ढीग? तसं असेल तर मी कशाला जीव काढू.

डेपोवरचा

वहिनी, मी एका नगरपालिकेत आरोग्य खात्यात होतो, आता रिटायर आहे, म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी पिशवी का परत आली ते. तुम्ही ती रात्रीच बेड्याला अडकवून ठेवली असणार आणि वरून पाऊस. बरोबर ना? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, तो कचऱ्याच्या पिशवीला सोडत नाही. पुठ्ठा एकदा भिजला की त्याचा लगदा होतो, लगदा बाटल्यांना चिकटतो, त्यात दुधाच्या पिशवीतलं उरलेलं दूध आंबतं आणि दोन दिवसात त्याला असा वास सुटतो की वर्गीकरण करणाऱ्या बायका ती पिशवी उघडतच नाहीत, उघडणार तरी कशा, हातमोजे घातले तरी नाक उघडंच असतं. मग ती पिशवी जाते सरळ ढिगावर. म्हणजे तुमची एक पिशवी गेली तर गेली, पण गाडीत ती खाली पडली असेल तर शेजाऱ्यांच्या कोरड्या पिशव्या पण भिजवते. म्हणून गाडीवरच्या पोराने घेतली नाही, त्याला मुकादमाचं ऐकावं लागतं.

आता पुढचा प्रवास. गाडीला मधोमध पत्र्याचं पार्टिशन असतं, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका, आणि बाजूला एक छोटा डबा नाहीतर गोण लटकवलेली दिसेल तुम्हाला, ती पॅड, डायपर, ब्लेड, औषधं यांच्यासाठी. हे कोणाच्या मनाचं नाही, २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक असं घरातूनच वेगळं द्यायचं लिहिलं होतं. डेपोवर ओला जातो खताच्या खड्ड्यांत, सुका शेडमध्ये टेबलावर ओततात आणि तिथे माणसं हाताने निवडतात. मशीन बिशीन म्हणाल तर ते फक्त गठ्ठे बांधायला. निवडणं हातानेच. बाटल्या एकीकडे, शॅम्पू-फिनेलचे जाड डबे दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या तिसरीकडे, पुठ्ठा, रद्दी, पत्रा. ज्याला गिऱ्हाईक आहे त्याचे गठ्ठे होऊन कोल्हापूरकडे वगैरे घाटावर जातात. वेफर्स-बिस्किटांचे चकचकीत कागद मात्र कोणी विकत घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकाला चिकटलेले, सुटत नाहीत. ते सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून पाठवतात, नाहीतर बारीक कापून काही प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. ती पद्धत मदुराईच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक वासुदेवन सरांची, २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. गरम खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकायचा, तो वितळून खडीला लेप बसतो, मग डांबर. त्यात पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) चालत नाही, तापलं की विषारी वायू सोडतं. आणि हेच तुमच्या सासूबाईंना सांगा, न्हाणीच्या चुलीत काय जळतंय ते आपण बघत नसतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. काही ठिकाणी एकच ढीग होतो, खोटं कशाला बोलू. पण वेंगुर्ल्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या डंपिंगच्या जागेचं पार्क झालं, बायोगॅस, खत, पालापाचोळ्याच्या कांड्या, प्लास्टिक रस्त्याला, आणि बाहेरगावच्या नगरपालिका बघायला यायला लागल्या. ते जमलं कारण घराघरातून वेगळं यायला लागलं. मिसळून आलेला कचरा डेपोवर कितीही माणसं लावली तरी सुटत नाही. तुमच्या डेपोवर एकदा जाऊन या, कोणी अडवत नाही.

माडबन

डेपोवरचे काका बरोबर सांगतत. माझा एकच म्हणणा, ओलो कचरो गाडयेत घालूचोच कशाक? गावात घर असा, माड असत, आळी असत. म्हावऱ्याची खवळां, आतडी माडाच्या आळ्यात पुरलास तर माड खूश. वर दोन पाटये माती मात्र नीट घाला, नायतर कुत्रे उकरून पडवेत आणून टाकतले, मगे सासू कोणाक बोलतली ता तुमका म्हायत. करवंटे न्हाणयेच्या चुलीत, त्येका काय हरकत नाय. नारळाची सोडणा सुकवून जळणाक. आमच्या घरातसून गाडयेत जाता ता फक्त प्लास्टिक आणि बाटले. बाकी काय नाय.

होमस्टे_दापोली

आमचं समुद्रकिनाऱ्याला होमस्टे आहे त्यामुळे आमचा कचरा म्हणजे पर्यटकांचा कचरा, विषयच वेगळा. सीझनला पाण्याच्या बाटल्या एवढ्या येतात की विचारू नका. आम्ही काय करतो ते सांगते, कामाला येईल.

बाटली रिकामी करायची, झाकण काढायचं, बाटली पिरगळून चपटी करायची. झाकण वेगळ्या डब्यात कारण झाकणाचं प्लास्टिक वेगळ्या जातीचं असतं, पाण्यात टाकून बघा, बाटलीचा तुकडा बुडतो आणि झाकण तरंगतं. पुढे रिसायकल करणारे पण असंच पाण्यात वेगळं करतात म्हणे आमचा भंगारवाला. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट लटकता ठेवा. तो टिचभर तुकडा कोणी उचलत नाही आणि मोरीतून पऱ्यात, पऱ्यातून खाडीत. पिशवी विसळून पडवीत दोरीवर चिमट्याने लावते, कपड्यांच्या शेजारी, पावसात दोन दिवस लागतात वाळायला, पाहुणे फोटो काढतात त्याचा 😀

साबणाने घासायची वगैरे गरज नाही हं. भांडी विसळलेलं पाणी एकदा फिरवलं तरी बास. लोणच्याची, तेलाची पिशवी मात्र काही केल्या स्वच्छ होत नाही, ती आम्ही त्या वेफर्सच्या कागदांबरोबर वेगळी देतो.

किनाऱ्यावर गोळा केलेल्या बाटल्या भंगारवाला घेत नाही, आधीच सांगून ठेवते. वाळू, खार आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. नायलॉनची जुनी जाळी मात्र घेतो. आणि प्लास्टिकचे चमचे, प्लेटा, स्ट्रॉ यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे तरी पाहुणे केक कापायला बॅगेतून घेऊन येतातच, त्यांना आम्ही आमच्या स्टीलच्या ताटल्या देतो आणि गोड बोलून ते परत बॅगेत घालायला लावतो.

घाटावरचा_पाहुणा

एवढं कशाला? जे विकलं जातं ते भंगारवाल्याला द्या, चार पैसे तरी येतील, उरलेलं गाडीत टाका. सोपा हिशोब.

शेडवरची_ताई

घाटावरचा_पाहुणा, राग मानू नका पण हा हिशोब आमच्या पोटावर येतो. मी बचत गटातून वर्गीकरणाच्या शेडवर काम करते. बऱ्याच ठिकाणी विकलेल्या सुक्या मालाचे पैसे आमच्यासारख्या गटालाच मिळतात किंवा त्यातून मजुरी निघते. प्रत्येक घराने पुठ्ठा, रद्दी, पत्रा, बाटल्या घरीच विकल्या तर गाडीतून आमच्याकडे काय येणार, चकचकीत कागद, फाटक्या चपला आणि थर्माकोल. म्हणजे काम तेवढंच आणि विकायला काही नाही. मग दोन महिन्यात गट कंटाळून काम सोडतो, शेड बंद पडते, आणि लोक म्हणायला मोकळे की बघा, सगळं एकाच ढिगात टाकतात.

रद्दी विका, ती सगळेच विकतात, आमचं काही म्हणणं नाही. पण थोड्या बाटल्या, पुठ्ठे गाडीत पण येऊ द्या.

वहिनी, तुम्ही काच विचारली होती. अख्खी बाटली वेगळ्या पिशवीत द्या, फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर पेनाने मोठ्या अक्षरात काच असं लिहा. आमच्या एका बाईच्या तळहातात बरणीचा तुकडा घुसला होता, रद्दीच्या पिशवीत कोणीतरी टाकलेली, चार टाके पडले आणि तेवढे दिवस खाडा झाला तो वेगळाच. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने गोल काढा, म्हणजे आम्ही उघडत नाही. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे. धुतलेल्या पिशव्या आल्या की आम्हाला बरोबर कळतं कुठल्या घरच्या त्या.

परतले_गावी

सगळ्यांचे खूप आभार! काका, हो, रात्रीच लटकवली होती पिशवी 🙈 कालपासून पडवीत खताची रिकामी गोण टांगलीय, त्यात सगळं कोरडं जमवते आणि गाडीचं गाणं ऐकू आलं की मगच बाहेर काढते. शेडवरची ताई, तुमचं वाचून सासूबाई गप्प झाल्या, त्यांना वाटायचं की हे सगळं मशीन करतं.

आता पुढचा प्रॉब्लेम. गणपती जवळ आले म्हणून माळा साफ करायला घेतला तर तिथे जुनं थर्माकोलचं मखर, बंद पडलेल्या दोन लांब ट्यूब, सासऱ्यांची मुदत संपलेली औषधं आणि रंगाचे अर्धे डबे निघाले. हे कशात?

डेपोवरचा

ट्यूब आधी. लांब ट्यूब आणि जुन्या सीएफएल दिव्यांमध्ये पारा असतो, फुटली तर वाफ घरात पसरते, तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या, पिशवीत घालू नका. औषधं आणि रंगाचे डबे पण त्याच तिसऱ्या, घरगुती घातक प्रकारात. रंग मोरीत ओतू नका, विहीर जवळ असेल तर अजिबात नाही. डब्याचं झाकण घट्ट लावा. गोळ्या पाकिटासकट द्या, पाकीट फाडून गोळ्या मोकळ्या करत बसू नका.

मखराचं जरा अवघड आहे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासूनच बंदी, त्यामुळे नवीन तर मिळायला नको, पण घरोघरी माळ्यावर जुनी आहेत. त्याला भाव नाही कारण गाडीभर नेलं तरी वजन काहीच नाही, भाडं सुटत नाही. फोडू नका एवढं नक्की, ते साबुदाण्याएवढे दाणे एकदा वाऱ्यावर गेले की कोणाच्या बापाला गोळा करता येत नाहीत. मखर धड असेल तर यंदा तेच वापरा, मोडलं असेल तर अखंड तुकडे दोरीने बांधून कोरडे द्या. पण आधी मुकादमाला फोन करा आणि कुठल्या वारी आणू ते विचारा, कारण चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात सगळं गाव माळे साफ करतं आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

माडबन

आणि मखर कुठल्या मंडळाक देव नकात, ते विसर्जनाक खाडयेत घालतले. मागच्या वर्षी बघितलंय मी.