पतंगांचं बारकोडिंग: काहींचा बँडच येत नाही, आणि एकाच क्रमाला दोन नावं

आंबोलीचा_दिवा
नमस्कार मंडळी. आंबोली परिसरातल्या पतंगांची यादी करतोय, वन खात्याची परवानगी घेतलेली आहे. पांढरा पडदा, १६० वॅटचा मर्क्युरी दिवा. प्रत्येक नमुन्याचा एक पाय काढून डीएनए, मग बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा. प्रायमर (तुकड्याची दोन टोकं पकडणारे छोटे डीएनए) लेपएफ१ आणि लेपआर१. पावसाळ्यात पकडून पिन केलेल्या बऱ्याच नमुन्यांचा पीसीआरनंतर (तुकड्याच्या प्रती वाढवल्यावर) जेलवर बँड दिसत नाही. काहींच्या क्रमात सुरुवातीपासून दुहेरी शिखरं (एकाच जागी दोन अक्षरं) येतात. आणि जे स्वच्छ आले, त्यातले काही बोल्डवर (बारकोडचा जागतिक संग्रह) टाकले की १०० टक्के जुळणी दोन वेगळ्या नावांशी! कुठलं धरायचं? शेवटी विविधता मोजताना बोल्डचा बिन (सारख्या क्रमांचा गट) म्हणजेच प्रजाती मानलं तर चालेल का?

जेलवरचा_बँड
पहिला प्रश्न: पतंग मारता कशाने? इथाइल अ‍ॅसिटेट असेल तर ते बंद करा, त्याने डीएनएचे तुकडे पडतात. फॉर्मलीनचं तर नावच नको. नमुना डबीत घालून रात्रभर उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवला की काम होतं. दुसरं, आंबोलीच्या जून-जुलैच्या हवेत पिन केलेला पतंग वाळतच नाही. वाळेपर्यंत आत डीएनए कुजत राहतो, वर बुरशी. म्हणून पाय पिन करण्याआधीच काढा आणि ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये किंवा सिलिका जेलवर ठेवा. अख्खा पतंग अल्कोहोलमध्ये बुडवू नका, खवले निघतात आणि नक्षी जाते.

पाय अल्कोहोलमधून काढल्यावर पूर्ण सुकू द्या. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि उरलेलं अल्कोहोल पुढची रसायनं बिघडवतं. मध्यम आकाराच्या पतंगाचा २ ते ४ मिमी तुकडा पुरतो, सूक्ष्म पतंगांचा अख्खा पाय घ्या. डीएनए काढायचा कॉलमवाला किट असेल तर १८० मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं विकर), ५६ अंशांवर रात्रभर. शेवटी किटच्या पत्रकात २०० मायक्रोलिटरमध्ये उतरवायला सांगतात, ते भरपूर ऊतीसाठी आहे. एका पायासाठी ५० घ्या आणि कॉलमवर ५ मिनिटं थांबा.

पीसीआर १२.५ मायक्रोलिटरचा पुरतो, त्यात २ मायक्रोलिटर डीएनए. ९४ अंशांवर १ मिनिट. मग ९४ ला ४० सेकंद, ४५ ला ४० सेकंद, ७२ ला १ मिनिट अशी ५ आवर्तनं. मग ४५ च्या जागी ५१ करून ३५ आवर्तनं. शेवटी ७२ ला ५ मिनिटं. बँड नसेल तर लगेच डीएनए वाढवू नका. आधी दहापट पातळ करून पाहा, अडथळा आणणारे पदार्थ असतील तर तेवढ्यानेच बँड येतो. तरीही नाही आला, तर डीएनए तुटलेला आहे असं समजून मिनी-बारकोड (तोच तुकडा दोन छोट्या भागांत) वापरा: लेपएफ१ सोबत एमलेपआर१ (३०७ बेस) आणि एमलेपएफ१ सोबत लेपआर१ (४०७ बेस). दोन्ही तुकडे मध्ये एकमेकांवर येतात, जोडले की पूर्ण क्रम मिळतो.

दुहेरी शिखरांबद्दल: आधी निगेटिव्ह कंट्रोल (डीएनए न घातलेली नळी) बघा. पतंगांचे खवले हवेत उडतात, एका ट्रेमध्ये दहा नमुने हाताळले की मिसळ होणारच. दर नमुन्यानंतर चिमटा पुसून ज्योतीवर धरा. कंट्रोल स्वच्छ असेल तर मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाच्या केंद्रकात शिरलेल्या जुन्या प्रतीचा संशय घ्या. क्रम दुसऱ्या बेसपासून, अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकीय संकेताच्या सारणीने (क्रमांक ५) प्रथिनात उलगडा. ६५७ बेस म्हणजे २१९ कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे गट). मध्येच स्टॉप आला किंवा एखादा बेस घसरला, तर तो क्रम टाकून द्या.

पिन_नंबर_तीन
दोन नावांचं उत्तर बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नसतं, नमुन्यांच्या कपाटात असतं. बोल्डवरच्या नोंदीचा फोटो उघडा, ओळख कोणी आणि कशावरून केली ते बघा. बऱ्याच नोंदींना नाव बारकोडवरूनच दिलेलं असतं, म्हणजे तुम्ही नकलेची नक्कल बघताय. फोटो नाही, नमुना कुठे ठेवलाय ते नाही, अशी नोंद मी मोजतच नाही.

कधीकधी मात्र दोन्ही नावं बरोबर असतात. वोल्बाकिया जिवाणू मादीकडून पिल्लांत जातो आणि सोबत मायटोकॉन्ड्रियाही पसरवतो. संकरातून तो शेजारच्या प्रजातीत शिरला की दोघींचा सीओआय एकच होतो. सीओआय फक्त आईची बाजू सांगतो, हे विसरू नका. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर सापडलेली अमेरिकन लष्करी अळी घ्या: भारतातल्या बहुतेक नमुन्यांचा सीओआय भातावरच्या वाणाचा आला, पण केंद्रकातल्या झेड (लिंग) गुणसूत्रावरचं टीपीआय जनुक मक्याचा वाण सांगत होतं.

म्हणून अशा जोड्यांत जननांग बघणं टळत नाही. पोट वाया जाऊ देऊ नका: पोट लायसिस बफरमध्ये रात्रभर ठेवून डीएनए काढा, मग तेच पोट १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका. एका पोटात दोन्ही कामं. उलट बारकोडचा खरा फायदा नर-मादी किंवा अळी-पतंग जुळवताना होतो. ट्रबाला विष्णूचा हिरवा नर आणि तपकिरी डाग असलेली मोठी मादी शेजारी ठेवा, नवख्याला दोन प्रजाती वाटतील.

आंबोलीचा_दिवा
पोटाची युक्ती माहीत नव्हती, आभार. मग यादीत अशा जोडीला काय लिहू?

पिन_नंबर_तीन
शास्त्रीय नावातला पहिला शब्द (जीनस) आणि पुढे "प्रजाती १". पिनवर लेबल, त्यावर बोल्डचा क्रमांक, आणि नमुना एखाद्या संग्रहात जमा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं (झेडएसआय) पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नाव नंतर बदललं तरी नमुना जागेवर राहतो.

रेअरफॅक्शन
बिनबद्दल माझं मत जरा कडक आहे. बिन हा क्रमांचा गट आहे, सुरुवातीची गटवारी २.२ टक्के फरकावर होते. ६५८ बेसमध्ये ते साधारण १४ बेस. नव्याने वेगळ्या झालेल्या प्रजाती त्यात एकत्र येतात, आणि लांबच्या दोन डोंगरांवरची एकच प्रजाती दोन बिनमध्ये जाऊ शकते. बिनची संख्या लिहा, पण तिला "बिन" असंच म्हणा.

मोजणीत त्याहून मोठी चूक वेगळीच होते. प्रत्येक दिसणाऱ्या प्रकाराचा एकच पाय क्रमित केला आणि त्यावर चाओ-१ (न सापडलेल्या धरून एकूण प्रजातींचा अंदाज देणारं सूत्र) लावला, तर उत्तर निरर्थक. चाओ-१ मध्ये एकदाच सापडलेल्यांच्या संख्येचा वर्ग भागिले दोनदा सापडलेल्यांच्या संख्येची दुप्पट, हे मूळ मोजणीत मिळवतात. तुमच्याकडे तर सगळेच एकेकदा. त्यामुळे पडद्यावरचे सगळे पतंग, निदान ठरलेल्या चौकटीतले सगळे, मोजा. चुकीचा क्रमसुद्धा एकदाच सापडलेली नवी "प्रजाती" म्हणून बसतो आणि अंदाज फुगवतो, म्हणून एकुलते क्रम दोन्ही दिशांनी वाचून घ्या. आणि अमावास्येच्या रात्रीची पौर्णिमेशी तुलना करू नका, चांदण्यात पडद्यावर पतंग कमी येतात.