चिऊचं चित्र आणि कविता: सोसायटीच्या ग्रुपवर

बी-२०३ (चिऊची आई), रात्री ८.१०
सगळ्यांना नमस्कार. चिऊला (सहावी) शाळेतून आपल्या भागातल्या थोर व्यक्तीचं चित्र आणि ८ ओळींची कविता सांगितलीये. परवा द्यायचंय. तिने नंदुरबारचे हुतात्मा शिरीषकुमार घेतलेत. चित्र झालंय, फोटो टाकते. कविता मात्र काही केल्या जमेना. कोणी चार ओळी जुळवून देईल का?

ए-१०१ (वाणी काकू)
किती गोड काढलंय गं! डोळे छान आलेत.

सी-३०४
वहिनी, मोबाईलला सांगा, एका मिनिटात कविता तयार.

ए-४०२ (नंदुरबारचे आजोबा)
सूनबाई, चित्र नीट पाहिलं. हात चांगला आहे पोरीचा. दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.
पहिली म्हणजे तिने चेहरा पंचविशीतल्या माणसाचा काढलाय. मिशीची रेघसुद्धा आहे. शिरीषकुमार मेहता यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा आणि गोळी लागली ९ सप्टेंबर १९४२ ला. सोळावं पूर्ण झालं नव्हतं हो. पोरगाच होता. तो पोरगा दिसला पाहिजे.
दुसरं म्हणजे झेंडा. तिने अशोकचक्र काढलंय. १९४२ साली तिरंग्यावर चरखा होता. चक्र आलं ते जुलै १९४७ मध्ये. ज्या निशाणासाठी तो उभा राहिला तेच त्याच्या हातात असू द्या.

बी-२०३
बाबा, हे मलाही सुचलं नाही. मिशी खोडरबरने जाईल. पण चक्र निळ्या स्केचपेनचं आहे, कंपासने गोल करून २४ आरे मोजून काढलेत तिने. आता रडायला बसलीये.

ए-१०१
रडू नको म्हणावं. पांढरा पट्टा वेगळ्या कागदाचा काप, त्यावर चरखा काढ आणि वरून चिकटव. कडा तेलखडूने घासल्या की कळतसुद्धा नाही. पांढरं कार्डशीट माझ्याकडे आहे, पाठवते.

ए-४०२
आणि कविता कोणाकडून लिहून घेऊ नका, मोबाईलकडून तर नाहीच. तिले लिखू द्या व माय, वाकडंतिकडं चाली. तिला एवढं सांगा: ९ ऑगस्टला गांधीजींना आणि बाकी पुढाऱ्यांना पकडलं, त्याला महिना झाला त्या दिवशी नंदुरबारात मिरवणूक निघाली. घोषणा गुजरातीत होती, कारण शिरीषच्या घरची भाषा गुजराती: ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु’. म्हणजे भारतभूमीचं निशाण झुकणार नाही. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तो एकटाच नाही गेला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पोरंही गेली. लोकांना एकच नाव पाठ असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सी-३०४
आजोबा, मोबाईलचं मागे घेतो. मी धुळ्यातच वाढलो, नंदुरबार तेव्हा आपल्याच पश्चिम खानदेशात होतं, पण ही चार नावं मला माहीत नव्हती.

बी-२०३, रात्री १०.४०
लिहिली! मी एक अक्षर बदललेलं नाही.

माझा दादा दहावीला,
शिरीषदादा तेवढाच होता.
नहीं नमशे म्हणत म्हणत
झेंडा त्याने धरला होता.
लालदास आणि धनसुखलाल,
शशिधर आणि घनश्याम,
कागदावर जागा नव्हती
म्हणून लिहिली त्यांची नावं.

ए-१०१
अगं बाई. डोळ्यांत पाणी आलं.

सी-३०४
शेवटच्या दोन ओळी मोठ्या अक्षरात लिहायला सांगा वहिनी.

ए-४०२
यमक जुळलं नाही तरी हात लावू नका. उद्या संध्याकाळी तिला घेऊन या, मला तिच्या तोंडून ऐकायची आहे.

बी-२०३
हो बाबा, सातला येतो. पट्टा चिकटवलाय, वर पुस्तकं ठेवून दाबलाय. चरख्याचं चाक जरा अंड्यासारखं झालंय, पण ती म्हणते आता परत खोडणार नाही.