गाईच्या डोळ्याचा ‘नंबर’ की ‘अपवर्तनदोष’?

(चौघांची चर्चा; तळटीप, आडवाट, शुद्धिपत्र आणि दावण ही त्यांची टोपणनावे.)

तळटीप : पशुपालकांसाठीच्या एका माहितीपत्रिकेचा अनुवाद करताना ‘रिफ्रॅक्टिव्ह एरर’पाशी, म्हणजे प्रकाश डोळ्यातल्या पडद्यावर नेमका न एकवटण्याच्या दोषापाशी, अडलो आहे. मी ‘अपवर्तनदोष’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘नंबर’ केले. जिला चष्मा कधीच लागणार नाही, त्या गाईला नंबर कसा असेल?

आडवाट : संपादकांचेच बरोबर आहे, कारण नंबर भिंगाचा असतो. रेटिनोस्कोप या उपकरणाने तपासताना प्रकाशाची पट्टी बाहुलीवरून सरकवतात, डोळ्यातून परतणारी चमक त्याच दिशेने जाते की उलट, हे पाहतात आणि ती हालचाल थांबेपर्यंत डोळ्यापुढची भिंगे बदलत राहतात. पाहणारा ६७ सेंटिमीटरवर असेल, तर त्या भिंगातून दीड डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) वजा केले की नंबर उरतो. गाईला अक्षरे वाचून दाखवावी लागत नाहीत.

शुद्धिपत्र : ‘नंबर’ बोलण्यात ठीक आहे, छापील मजकुरात मात्र तो आळस वाटतो. माझा आक्षेप ‘अपवर्तना’लाही आहे. आम्ही शाळेत ‘वक्रीभवन’ शिकलो आणि तो शब्द ऐकताच वाकणारा किरण डोळ्यांपुढे येत असे.

आडवाट : १८७२ मध्ये फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनॉये यांनी डायॉप्टर सुचवण्यापूर्वी भिंगांना इंचांतल्या नाभीय अंतराचे क्रमांक असत, आपला ‘नंबर’ तिथूनच आला असावा, असे मला वाटते. तसे असेल तर आळशी म्हणवल्या जाणाऱ्या या शब्दाचे कूळ तुमच्या डायॉप्टरहून जुने ठरते.

दावण : दोन्ही पक्ष बाजार विसरले आहेत. बैलाच्या बाबतीत ‘दोष’ म्हटले की घेणारा खोड समजतो आणि किंमत पाडतो. त्यापेक्षा ‘नजर तपासली’ असे सरळ लिहावे.

तळटीप : ते शक्य नाही, कारण पत्रिकेत दृष्टीची तीक्ष्णता हा वेगळा परिच्छेद आहे. प्रकाश दृष्टिपटलावर नेमका एकवटतो की नाही, एवढेच नंबर सांगतो. जनावराला बारीक रेघा वेगळ्या दिसतात का, हे ठरवायला त्याला खाद्याच्या आमिषाने रेघांचा फलक आणि कोरा फलक यांतून निवड करायला शिकवावे लागते. डोळ्यापुढे अचानक हात नेऊन पापणी मिटते का, हे पाहणे तर त्याहून ढोबळ आहे, आणि हाताचा वारा लागला तर तेही फसते.

दावण : मग ‘नजर’ नको, दुभत्या गाईची नजर तपासली म्हटल्यावर आमच्याकडे मीठमोहऱ्याच काढतील! परंतु रातांधळेपणाचे काय? दीर्घकाळ नुसत्या वाळल्या वैरणीवर राहिलेल्या जनावराला ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी संध्याकाळी दिसेनासे होते. त्याचा नंबर मात्र बिनचूक निघू शकतो. शेतकऱ्याला हे आधी सांगायला हवे.

शुद्धिपत्र : सांगावे, अवश्य सांगावे, पण ‘नक्तांधता’ या शब्दाने.

दावण : नक्तांधता म्हणजे काय, हे गोठ्यात कोण सांगणार?